सेवा म्हणू नका, दर सांगा

पेन्शनीत निघालेल्या बाईला आपल्याकडे दोन गोष्टी पोत्यानं मिळतात, सल्ला आणि काम. दोन्ही फुकट. सल्ला असा की आता घरात बसावं, माळ ओढावी, फिरफिर कमी करावी. आणि काम असं की दिवाळी सरली, थंडी पडली, की रोज कुणीतरी दारात. काकू, तेवढा हलवा करून द्या की. आक्का, लग्नघरी चार दिवस या, तुमच्या हाताला चव आहे. मावशी, यात्रेची बस निघाली आहे, स्वयंपाकाला तुम्ही चला, तेवढंच पुण्य. म्हणजे घरात बसायचं ते फक्त स्वतःसाठी कुठं जायचं असेल तेव्हा. दुसऱ्याच्या कामाला बाहेर पडायला वयाची काही आडकाठी नाही!

मला सांगायचं आहे ते एवढंच. थंडीच्या तीन-चार महिन्यांत म्हाताऱ्या बायका जे काम करतात त्याला सेवा म्हणणं बंद करा आणि त्याचा दर आधी सांगा. पैसा हातात आला की कुठं जायचं, कधी जायचं ते तिचं ती ठरवेल. तिला यात्रा घडवून आणायची कुणी तसदी घ्यायला नको.

आधी पेन्शनचा हिशोब करू. ‘तिला काय कमी आहे, पेन्शन येते की’ असं म्हणणाऱ्यांनी तो कधी केलेला नसतो. पेन्शन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी शाळेतले हेडमास्तर येतात. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या बाया सूतगिरणीत होत्या, छापखान्यात होत्या, एखाद्या पतसंस्थेत कारकून होत्या. त्यांना मिळते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन. तिचं गणित सोपं आहे. शेवटच्या वर्षांतला सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. समजा पगार ५,००० आणि नोकरी १२ वर्षं. करा भागाकार. ८५७ रुपये होतात, महिन्याला. सरकारनं १ सप्टेंबर २०१४ पासून कमीत कमी १,००० देऊ असं ठरवलं म्हणून त्याचे हजार झाले. त्याला दहा वर्षं होऊन गेली, मी हे लिहिते आहे तोवर हजाराचे अकराशे झालेले नाहीत. नवरा नोकरीत होता आणि गेला, तर विधवेलाही बहुतेक वेळा हाच हजाराचा आकडा. ज्यांना तेही नाही त्यांच्या वृद्धापकाळ पेन्शनीत केंद्राचा वाटा किती? ऐंशीच्या आतल्यांना २०० रुपये. वर राज्य काय घालेल ते.

कर्नाटकात गृहलक्ष्मीचे २,००० येतात, ते खरं. पण ते घरच्या कर्त्या बाईला, आणि कर्ती कोण यावरून किती घरांत सासू-सुनेचं बोलणं बंद झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यात मी पडत नाही. दोघींनाही द्यायला हवे होते, एवढंच म्हणते.

आणि अंगणवाडीतल्या बाया! त्यांना आयुष्यभर मिळालं ते मानधन. हा शब्द कुणी काढला त्याला नमस्कार करावासा वाटतो, मानही नाही आणि धनही नाही. त्यांना ग्रॅच्युइटी तरी मिळाली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते एप्रिल २०२२ मध्ये. तोवर किती जणी निवृत्त होऊन हात हलवत घरी आल्या असतील?

तर अशा बाईला थंडीत काम मिळतं आणि ते ती आनंदानं करते, हे मला मान्य आहे. काम वाईट नाही. पासष्टीच्या बाईला काम करायला लावू नये, असं मी अजिबात म्हणत नाही. हात चालतात तोवर ते चालवावेत असं तिलाच वाटत असतं. माझं भांडण कामाशी नाही, हिशोबाशी आहे.

हलव्याचंच घ्या. हलव्याला काटा यायला थंडी लागते. हवा दमट असली की काटा धरत नाही, म्हणून हे काम मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंतचं. पहाटे उठायचं, शेगडीवर मंद आचेवर परात ठेवायची, खसखस नाहीतर साबुदाणा घालायचा, आणि चमचा चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. बोटांनीच, कारण दाणा किती तापला, पाक कितपत सुकला ते उलथन्याला कळत नाही. आच जरा वाढली की रंग जातो, जरा कमी झाली की गोळा होतो. एक परात पांढरीशुभ्र, काटेदार व्हायला तासन्‌तास जातात, कधी दोन-दोन दिवस. मग त्याचे दागिने. नव्या सुनेला मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, काळ्या साडीवर उठून दिसेल असं. बोरन्हाणाच्या बाळाला बाळकृष्णासारखा साज. जावयाला हार आणि हौसेनं घड्याळसुद्धा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला जिथं जिथं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथं हे काम गेलं आहे, आणि आता कुरिअरनं परदेशीही जातं.

दुकानात डब्यावरची किंमत वाचून बघा. मग ज्या बाईनं तो केला तिला विचारा, तुला काय मिळालं. ती आधी हसेल. मग म्हणेल, साखर त्यांनीच दिली होती की. साखर त्यांची, बरोबर आहे. गॅस कुणाचा? बोटं कुणाची? या दोन प्रश्नांना दुकानदाराकडं उत्तर नसतं, कारण त्याला ते कुणी विचारलेलेच नसतात. ‘घरबसल्या चार पैसे’ म्हणतात त्या कामाला. चार हा आकडा मात्र ते खरोखरच मनावर घेतात.

दुकानदार निदान चार पैसे तरी देतो. यात्रेच्या बसमध्ये तेही नाही.

चातुर्मास संपला की आपल्याकडून बसा निघतात. सूर्यास्ताच्या आत जेवण, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेलं, अशी आपली पथ्यं, बाहेरचं चालत नाही, म्हणून स्वयंपाकीण बरोबर हवी. ती कोण? ओळखीतली, जरा नडलेली, साठी-सत्तरीची कुणी काकू. तिच्याकडून तिकीट घेत नाहीत, हाच तिचा पगार. पहाटे तीनला उठून ती चूल मांडते. यात्रेकरू डोंगर चढतात तेव्हा ती भाजी निवडत असते, उतरून येतात तेव्हा ती वाढत असते. श्रवणबेळगोळला जाऊन आलेली एक बाई मला ओळखीची आहे. सत्तावन्न फुटांचा बाहुबली तिनं पाहिला तो पायथ्यावरून, भिंतीच्या वर डोकं-खांदे दिसतात तेवढा. वर जायला सवडच झाली नाही. परत आल्यावर लोक तिला म्हणाले, नशीबवान आहात, फुकटात यात्रा झाली.

आपण पोरांना पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र शिकवतो. सातव्या अध्यायात अहिंसेच्या व्रताला दोष लावणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत एक आहे अतिभारारोपण. झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. शिकवताना बैलाचं उदाहरण देतात, गाडीवर किती पोती घालावीत त्याचं. बैलाचं बरं आहे, त्याच्यासाठी सूत्र आहे. साठ माणसांची कणीक एकटीनं मळणाऱ्या आक्कांसाठी तेच सूत्र लागू होतं, हे कुणी पाठशाळेत सांगितल्याचं मला आठवत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. सेवेला पैशाची भाषा लावली की सेवा बाटते. बरं. मग त्याच बसच्या ड्रायव्हरला पगार आणि वर भत्ता का देता? मांडववाल्याचं, लाईटवाल्याचं, लाउडस्पीकरवाल्याचं बिल येतं, ते भागवताना कुणाचं पुण्य बाटत नाही. फोटोग्राफरला तर आगाऊ रक्कम जाते. बाटते ती फक्त भाकरी थापणारीची सेवा. ज्याच्या घरी भरलेलं आहे त्यानं जरूर सेवा करावी, पंगतीत वाढावं, ताटं उचलावीत, भांडी घासावीत. तसे काहीजण मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जिला नाही म्हणायची सोय नाही तिच्याकडून करून घेतो ती वेठ.

आपल्या बायकाही काही कमी नाहीत. दर विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. ‘अगं, घरचंच आहे, पैसे कसले घेतेस’ म्हणून हात मागं घेतात आणि रात्री औषधाच्या दुकानाचं बिल काढून बसतात. शिवाय एकीनं दर सांगितला की दुसरी म्हणते, बघा, म्हातारपणी काय हाव सुटली आहे. असं म्हणणारी बहुतेक वेळा बाईच असते. पुरुष ते ऐकतात आणि गप्प राहतात, कारण त्यांचा फायदा आहे.

प्रवास आणि हंगामी काम यांचा एक मोठा प्रकार आपण हिशोबात धरतच नाही. लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, तेही परदेशात. सहा महिन्यांचा व्हिसा, भर थंडीत विमान. इकडं सगळे म्हणतात, काय भाग्य, अमेरिका बघून आलात! काय बघितलं? बर्फात खिडकीबाहेर पार्किंग बघितलं, आत बाळाची दुपटी, डिंकाचे लाडू, सुनेचा शेक. नातवाचं करण्यात सुख असतं, ते मी नाकारत नाही, आणि लेकीकडं दर मागा असंही म्हणत नाही. पण त्याला आईची सहल म्हणू नका. जिला सहा महिने राबायला नेलं तिला परत पाठवताना पंधरा दिवस कुठं तरी हिंडवून आणा, आणि हातावर काही ठेवा.

त्याच अमेरिकेचं उदाहरण मला अधूनमधून ऐकवलं जातं. तिथं बघा, निवृत्त माणसं व्हॅनमध्ये संसार घालून हिंडतात, थंडीत दक्षिणेकडच्या उबेला जातात, वाटेत हंगामी काम करतात, किती स्वावलंबी! जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी या लोकांवर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, २०१७ मध्ये. त्यावरच्या सिनेमाला पुढं ऑस्करही मिळालं. ते वाचलं तर कळतं की यातली कितीतरी माणसं हौसेनं नव्हे, घरभाडं झेपेना म्हणून चाकांवर राहायला गेली. बीट काढणीच्या हंगामात, नाताळाआधी ॲमेझॉनच्या गोदामात, सत्तरीच्या बायका उभ्यानं पाळ्या करतात. हा काही आदर्श नव्हे. पण एक फरक तरी मान्य करा. तिथं तासाचा दर कामाला लागायच्या आधी ठरतो, आणि त्याला कुणी पुण्य म्हणत नाही.

आता प्रवासाचं. म्हाताऱ्या माणसांनी थंडीत हिंडायचं ते हौस म्हणून, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वैशाखात अनवाणी विंध्यगिरी चढून बघावा. सहाशेच्या वर पायऱ्या, सगळा उघडा दगड, पाय भाजतात. मार्गशीर्ष-पौषात तोच दगड सोसतो. आणि ग्वाल्हेरकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, जानेवारीच्या धुक्यात सांधे कसे धरतात ते. पुण्या-मुंबईला लेकीकडं महिनाभर जाणं ही त्यांची चैन नसते, औषध असतं. आपल्याला तर चोर्ला घाट उतरला की स्वेटर काढावा लागतो, गोवा इतका जवळ आहे. शिवाय संक्रांत झाली की हलव्याचे पैसे हातात आलेले असतात आणि उरलेल्या पौषात लग्नं नसतात, त्यामुळं आचारीपणाला कुणी बोलावत नाही. कधी ते चार दिवस असतात, कधी चार आठवडे. म्हातारीची खरी सुट्टी असेल तर ती हीच.

पण जायचं कसं? आपली शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली आणि बायका साध्या बसमधून हासनपर्यंत, धर्मस्थळापर्यंत बिनतिकिटाच्या जाऊ लागल्या. लगेच थट्टा सुरू. बसा बायकांनीच भरल्या, आम्हाला बसायला जागा नाही, फुकट आहे म्हणून हिंडत सुटल्या. अहो, हिंडत सुटल्या म्हणजे काय ते तरी समजून घ्या! ज्या बाईनं पन्नास वर्षं माहेर, सासर आणि दवाखाना याखेरीज बस पाहिली नाही, ती आता खिडकीशी बसून हुबळीच्या पुढचा रस्ता बघते आहे. तुमच्या जागा कमी पडल्या असतील तर बसा वाढवा म्हणून सरकारशी भांडा. बाईशी कशाला भांडता?

शक्ती मात्र राज्यापुरती. पुण्या-सोलापूरला लेकीकडं जायचं म्हटलं की तिकीट. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण त्याच्या हद्दीत. आपण सीमेवरची माणसं, आपली अर्धी नाती कोगनोळी नाक्याच्या पलीकडं. भाषेच्या वादात दोन्हीकडचे पुढारी आपल्या नावानं गळा काढतात. एकालाही अजून सुचलेलं नाही की म्हाताऱ्या बाईची सवलत नाक्यावर संपू नये यासाठी दोन्ही राज्यांनी मिळून एक कागद करावा.

रेल्वेचं तर काय सांगावं. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना अर्धं तिकीट होतं, साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावावर ती बंद केली. कोविड गेला, मास्क गेले, सूट गेली ती गेलीच. संसदेच्या स्थायी समितीनं निदान स्लीपर आणि थ्री एसीत तरी ती परत द्या अशी शिफारस केली. मंत्री सांगतात, आम्ही प्रत्येकच तिकिटावर आधीपासून सवलत देतो. प्रत्येकाला देता म्हणजे पेन्शनवाल्या बाईला आणि पगारवाल्या तरुणाला सारखंच देता की! हजार रुपये पेन्शन असलेल्या बाईनं पारसनाथला, शिखरजीला जाऊन यायचं तर नुसत्या जाण्या-येण्यात किती महिन्यांची पेन्शन जाईल, ते मंत्र्यांनी एकदा करून बघावं. वर गेल्यावर सत्तावीस किलोमीटरची चढ-उतार आणि फेरी आहे, गुडघे ऐकले नाहीत तर डोली, तिचे पैसे वेगळे.

सवलत काढून घ्यायची आणि तीर्थदर्शनाच्या योजना काढायच्या, अशी ही रीत आहे. मध्य प्रदेशात २०१२ पासून, महाराष्ट्रात २०२४ पासून. अर्ज करा, दाखले जोडा, सोडतीत नाव येऊ दे, मग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गाडीत बसा, गळ्यात ओळखपत्र घाला. ज्यांचं नाव आलं त्यांना मी दोष देणार नाही, जरूर जावं. पण अर्ध्या तिकिटात बाई उठली आणि खिडकीवर गेली, संपलं. तिला कुणाचे आभार मानावे लागत नव्हते. समाजातले दानशूरही हाच कित्ता गिरवतात. बसवर बॅनर, सगळ्यांना एकसारख्या टोप्या, देवळात जायच्या आधी बॅनरपाशी फोटो. एका बाईनं फोटोत यायला नको म्हटलं तर तिला पुढच्या वर्षीच्या यादीतून गाळलं, असं आमच्याकडं घडलेलं आहे.

आणि एवढं करून ती स्वतःच्या पैशानं, एकटी, कुठं पोचलीच, तर धर्मशाळेत विचारतात, बरोबर कोण? कुणी नाही म्हटलं की खोली नाही. एकट्या माणसाला देत नाही, नियम आहे. माझ्या एका मैत्रिणीनं, वय अडुसष्ट, जानेवारीतली रात्र अशा ऑफिसच्या बाकावर काढली. आधार कार्ड होतं, पैसे होते, पुण्याहून मुलानं फोनही केला. सकाळी त्याच धर्मशाळेच्या भोजनशाळेत माणसं कमी पडली तेव्हा तिला विचारलं, काकू, जरा पोळ्यांना हात लावता का? तिनं हात लावला, कारण तिला समोरची भूक बघवत नाही. एकट्या बाईला खोली न देण्याचा नियम स्वयंपाकघराला लागू नसावा.

विश्वस्तांनी चार खोल्या, फार नको, चारच, एकट्या येणाऱ्या वयस्क बायकांसाठी ठेवाव्यात आणि तसं पाटीवर लिहावं. भोजनशाळेत थंडीच्या हंगामात बाहेरून बायका घेता, तर त्यांचे तास आणि रोज त्याच पाटीवर लिहावेत. जी आठ दिवस काम करील तिला नववा दिवस दर्शनाला मोकळा आणि जेवण-खोली. हे देणं काही अवघड नाही. संगमरवराच्या एका पायरीवर नाव घालायला लोक जेवढे पैसे देतात त्यात कितीतरी जणींचा हंगाम निघेल.

मार्गशीर्ष लागला की हलव्याच्या ऑर्डरी यायला लागतील. फोन आला की आधी दर विचारा. किलोला किती, दागिन्यांच्या सेटला किती, पैसे कधी. पलीकडचा म्हणेल, बघू की, तुम्ही सुरू तर करा. सुरू करू नका. आणि गॅस कुणाचा, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.